सायलेन्सर बदला, पण समोरचा डबा कापू देऊ नका

जुन्या पेट्रोल गाडीचा सायलेन्सर बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की धुरासोबत जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन निघतं. लांब पल्ल्यावर नळी तापते आणि ही वाफ उडून जाते. पण गावातून चार किलोमीटरवरच्या बाजाराला जायचं, गाडी उभी करायची आणि तशीच परत आणायची, असा वापर असेल तर मागच्या डब्यात पाणी साचतं. धुरातली आम्लं त्यात मिसळतात आणि पत्रा पोखरतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची आठवड्यातून दोनदा निघणारी गाडी या बाबतीत रोज नागपूर-अमरावती करणाऱ्या गाडीपेक्षा लवकर हरते, ती यामुळेच.

मग गाडी गॅरेजला जाते आणि मिस्त्री म्हणतो, "भाऊ, पूर्ण लाइनच बदलून टाकू. समोरचा डबा काढून सरळ पाइप मारून देतो. गाडी मोकळी पळते, ॲव्हरेजही वाढते." सडलेला असतो मागचा डबा. समोरचा बहुतेक वेळा धडधाकट असतो, आणि तोच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गॅरेजच्या भाषेत कॅट.

कापून पाहिलं तर त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट दिसते. एका चौरस इंचात साधारण 400 आरपार छिद्रं असतात. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत लेप असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण. सगळे मिळून काही ग्रॅमच, पण काम तेच करतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम विषारी कार्बन मोनॉक्साइडला आणि अर्धवट जळालेल्या पेट्रोलला ऑक्सिजन जोडून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. ऱ्होडियम नायट्रोजन ऑक्साइडचा ऑक्सिजन सोडवून साधा नायट्रोजन मोकळा करतं. धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. मात्र हे सगळं सुरू व्हायला वीट 250-300 अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास राहावं लागतं. ते राखायला नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो सांगेल तसं गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो.

आता ॲव्हरेजचं. चांगल्या कॅटचा धुराला होणारा अडथळा किरकोळ असतो. तो काढला म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडत नाही, तो सेन्सरचंच ऐकतो. मिस्त्रीचा अनुभव मात्र खोटा नसतो. वीट वितळून किंवा फुटून छिद्रं बुजली असतील तर गाडी चढावर ओढत नाही, आणि डबा काढताच ती पळू लागते. पण वीट वितळली कशाने? बहुतेक वेळा खराब प्लगने. न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तापमान हजार अंशांच्या वर जातं. ऑइल खाणारं इंजिन असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस लेपावर बसून धातू निकामी करतं. आपल्याकडे सर्रास चालणारा धक्का स्टार्टही त्यातलाच. वारंवार धक्के मारत राहिलं की कच्चं पेट्रोल थेट विटेवर जातं. बॅटरी बदलणं स्वस्त पडतं.

आपल्या गाडीला कॅट असायलाच हवा का, हे तिच्या जन्मसालावर आहे. 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल कारना कॅट सक्तीचा झाला आणि तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं. शिसं कॅटचं हाडवैरी, म्हणून दोन्ही एकदमच आणावं लागलं. शिशाचं पेट्रोल देशभरातून गेलं ते 1 फेब्रुवारी 2000 ला. त्यामुळे 1997 ची मुंबईहून आणलेली सेकंडहँड गाडी कॅटवाली आणि त्याच सालची यवतमाळला विकलेली बिनकॅटची, असं होऊ शकतं. 2000 नंतरच्या पेट्रोल कारबद्दल मात्र कॅट आहे असंच धरून चाला.

ज्या गाडीत कंपनीने कॅट दिला, तिच्यातून तो काढणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बेकायदा फेरबदल. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरबदलाला मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पाइप मिस्त्रीने मारला तरी आरसी बुकावर नाव आपलं असतं. पीयूसीतही फरक पडतो. भारत स्टेज म्हणजे धुराच्या सरकारी मर्यादांचे टप्पे. स्टेज 2 च्या आधीच्या पेट्रोल कारला, गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के चालतो, स्टेज 2 आणि 3 ला 0.5 टक्के, स्टेज 4 ला 0.3 टक्के. कॅटशिवाय शेवटचे दोन आकडे गाठणं जिकिरीचं आहे.

पीयूसीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही, आणि माझ्या मते आपल्या भागाला त्याचीच जास्त काळजी हवी. हा वायू आणि न जळालेलं पेट्रोल यांच्यावर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि तो शहरापेक्षा वाऱ्याच्या दिशेच्या शेतशिवारात जास्त भरतो. पानांच्या रंध्रांतून आत शिरून तो प्रकाशसंश्लेषण मंदावतो. ओझोन न सोसणाऱ्या पिकांत सोयाबीन, गहू आणि कापूस तिन्ही येतात. ऊन आपल्याकडे मुबलक आहेच.

कापलेला डबा कुठे जातो, तेही विचारा. 2021 मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला 29,000 डॉलरच्या वर गेला होता. त्या काळात मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरून आतली 'माती', म्हणजे कॅटच्या विटेचा चुरा, विकणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तेव्हा जुना कॅट ठेवून घेऊन कोणी नवी नळी फुकटात बसवून देत असेल, तर तो उपकार करत नाही. आणि कॅट खरंच निकामी झाला असेल तर बदली कॅट आपल्या मॉडेलचा आणि इंजिनचा पार्ट नंबर जुळवूनच घ्या. नुसत्या रिकाम्या डब्याला 'कॅट' म्हणून विकणारेही आहेत. टॉर्च मारून आत वीट दिसते का, हे दुकानातच बघायचं. वेल्डिंग करताना सेन्सर आधी काढायला सांगा आणि जुन्या जागीच बसवून घ्या. तो मागे-पुढे गेला की पेट्रोलचा हिशेब बिघडतो.

आणि कॅट जागेवर आहे, म्हणजे गाडीचं पोट तापतं. लांबून आलेली गाडी सोयाबीनच्या कुटारावर किंवा वाळल्या गवताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभी करू नका. खालचा पत्रा काडी पेटवण्याइतका गरम असतो.