चिखलातल्या गाडीचा गंज कुठून सुरू होतो

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. खते, फवारणीचे पंप, कॅरेट आणि माणसे वाहणारी एखादी फोर-बाय-फोर पिकअप एकाच आठवड्यात जावळीच्या तांबड्या चिखलातून, वाळव्याच्या काळ्या रानातून आणि माणच्या फुफाट्यातून फिरून येते. अशा गाडीची निगा म्हणजे बॉनेट चकचकीत ठेवणे, असा बऱ्याच मालकांचा समज असतो. प्रत्यक्षात बॉनेटवर उन्हात वाळून पडणारा चिखल फारसे काही बिघडवत नाही. पत्रा खाल्ला जातो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या, ओल धरून ठेवणाऱ्या सांदीकोपऱ्यांत, आणि म्हणून गाडी धुण्याचा क्रम वरून खाली नव्हे, तर खालून सुरू व्हायला हवा.

या भागातील तांबडी आणि काळी माती एकाच दख्खनच्या बेसाल्टपासून तयार झाली असली, तरी पत्र्यावर त्यांचे वागणे वेगळे असते. घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसाने खडकातील विरघळणारे घटक वाहून नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिनाइट ही तुलनेने शांत चिकणमाती उरली. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत मात्र मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातील खनिजे भरपूर असतात, ज्यांच्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. एक ग्रॅम केओलिनाइटचे पृष्ठफळ साधारण १० ते २० चौरस मीटर भरते, तर मॉन्टमोरिलोनाइटचे आतले-बाहेरचे मिळून ते ७०० चौरस मीटरच्या घरात जाते. एवढ्या पृष्ठभागावर पाणी धरून बसणारी माती चाकाला चिकटली की सुटत नाही, हे वाफसा येण्याआधी रानात गाडी घातलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती वाळली की आकसते, भेगाळते आणि उघड्या जागी आपोआप गळून पडते. अडचणीच्या जागी मात्र ती तशीच राहते आणि पावसाळी हवेतली ओल पुन्हा शोषून घेते.

ही ओल घातक का ठरते, हे समजण्यासाठी केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात केलेला एक साधा प्रयोग उपयोगी पडतो. त्यांनी स्वच्छ लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. लोखंड थेंबाच्या कडेला गंजेल, कारण तिथे हवा सहज पोहोचते, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलटे. थेंबाच्या मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी होता, तिथे लोखंड विरघळू लागले, आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या कडेला त्या लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन वापरले गेले. गंजाचे तांबूस कडे या दोहोंच्या मध्ये उमटले. याचा अर्थ असा की एकाच पत्र्यावर हवेचे प्रमाण कमी-अधिक असले, तरी तेवढ्यावर तिथे एक छोटा विद्युतघट सुरू होतो आणि हवा न पोहोचणारी जागा खाल्ली जाते.

आता चाकावरच्या कमानीच्या आत हात घालून पाहावे. कमानीचा पत्रा काठाला आत वळवलेला असतो आणि त्या वळणावर बोटभर रुंदीची एक पन्हळ तयार होते. बाहेरचा पत्रा कोरडा ठणठणीत असला, तरी दोन दिवसांनीही त्या पन्हळीतून नखाने खरवडलेली माती दमट निघते. ओल्या पोटिसासारखी ती पत्र्याला चिकटून राहते, तिच्या खाली हवा पोहोचत नाही आणि इव्हान्स यांच्या थेंबातले रसायन तिथे महिनोन्‌महिने चालू राहते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो रंगाला आतून उचलतो, आणि बाहेर पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बराच पातळ झालेला असतो.

अशाच आणखी जागा म्हणजे चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, पेटीसारख्या पोकळ भागांचा तळ, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधल्या फटी, डिझेलच्या टाकीचे पट्टे, फूटबोर्डाखालचा जोड आणि दरवाजांच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके. दरवाजाच्या काचेवरून आत उतरणारे पाणी या भोकांतूनच बाहेर पडते. ती मातीने बुजली की दरवाजा खालून सडायला लागतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा या भोकांतून प्लास्टिकची काडी फिरवणे, हा या लेखातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे. तार वापरू नये, कारण तिने भोकाच्या काठाचा रंग खरवडला जातो.

समुद्रकाठच्या गाड्या खाऱ्या हवेने लवकर गंजतात, हे सर्वांना माहीत असते, पण सातारा-सांगलीला समुद्र नसला तरी मीठ आहे. ते गोणीतून येते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि लोखंडाच्या दृष्टीने त्यातला क्लोराइड मिठातल्या क्लोराइडइतकाच घातक असतो. हवेतील आर्द्रता सुमारे ८५ टक्क्यांवर गेली की हे खत हवेतलेच पाणी ओढून विरघळते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ही पातळी इथे सहज गाठली जाते. फाटक्या गोणीतून गाडीच्या मागच्या, माल ठेवायच्या हौद्याच्या सांध्यात सांडलेली मूठभर पोटॅश पावसाचा थेंब न पडताही स्वतःचे खारट पाणी तयार करते. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील विहिरी-बोअरचे पाणीही खारे असते, त्यामुळे तिथे गाडी धुण्यासाठी, किमान शेवटच्या पाण्यासाठी, शक्य तर नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे.

तासगावच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक शत्रू आहे आणि तो शेतकऱ्याच्या रोजच्या हाताळणीतला आहे. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांपासून बनते. चुना कमी पडला तर मिश्रणात मोकळे तांबे राहते, आणि ते ओळखण्यासाठी बागायतदार विळ्याचे पाते किंवा लोखंडी खिळा त्यात बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवायचा. हा थर चढतो तेव्हा नेमके काय होते? द्रावणातील तांबे लोखंडावर बसते आणि तितकेच लोखंड द्रावणात विरघळते. पात्यावर केलेली ही परीक्षा गळक्या पंपाखालच्या हौद्यावर नकळत रोज होत असते, आणि तिथे बसलेले तांब्याचे कण पुढेही, निव्वळ पावसाच्या पाण्यात, शेजारच्या लोखंडाला गंजवत राहतात. त्यामुळे फवारणीच्या दिवशी हौदा त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने सांध्यांसकट धुऊन काढावा. रविवारची वाट पाहू नये.

धुण्याच्या पद्धतीत सर्वांत जास्त नुकसान घाईने होते. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असते आणि त्यातला वरचा पारदर्शक थर त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. चिकणमाती स्वतः मऊ असली, तरी तिच्यासोबत येणारे मुरमाचे आणि वाळूचे कण या थरापेक्षा कितीतरी कठीण असतात. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यातून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळीही सिलिकाने भरलेली असते. कोरड्या फडक्याने ती पुसली की उन्हात दिसणाऱ्या गोलाकार रेघांचे जाळे उमटते. म्हणून आधी नुसत्या पाण्याने गाडी भिजवून काळी माती दहा-पंधरा मिनिटे फुगू द्यावी. पाणी पापुद्र्यांत शिरले की तीच माती स्वतःची पकड सोडते. मग हलक्या धारेने ती वाहून न्यावी आणि त्यानंतरच शाम्पूचा हात फिरवावा. फडके बुडवायला दोन बादल्या ठेवाव्यात, एक शाम्पूची आणि एक फडके खळबळण्याची, म्हणजे काढलेली वाळू परत रंगावर जात नाही.

कपड्यांची पावडर वापरण्याची सवय मात्र सोडायला हवी. तिच्यातील धुण्याच्या सोड्यामुळे द्रावण चांगलेच अल्कधर्मी होते, ते मेणाचा थर उतरवते आणि ॲल्युमिनियमचे भाग काळवंडवते, कारण ॲल्युमिनियमवरचे संरक्षक ऑक्साइड अल्कात विरघळते. गाडीचा शाम्पू उदासीन असतो आणि त्यातील रेणूंचे एक टोक पाण्याकडे व दुसरे तेलाकडे ओढले जात असल्याने तो चिकट घाण वेढून पाण्यात तरंगत ठेवतो. धुणे सावलीत करावे. एप्रिलच्या उन्हात गडद बॉनेट साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते, थेंब जागच्या जागी आटतात आणि पाण्यातला चुना डाग बनून बसतो. असे ताजे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. नंतर भरपूर पाणी मारावे.

रॅम्पवर प्रेशर मारताना नळी पत्र्यापासून फूटभर तरी दूर असावी. खडी लागून टवका उडालेल्या जागी जोरदार धार रंगाच्या काठाखाली शिरून तो आणखी उचकटते. बेअरिंगची सीले, रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या आणि वायरिंगचे जोड यांच्यावर थेट धार नको. धुऊन झाल्यावर खालून डिझेल मारण्याची पद्धतही अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. डिझेल काही दिवस पाणी दूर ठेवते, हे खरे. पण पाट्यांच्या बुशांमधले नैसर्गिक रबर आणि ब्रेकच्या नळ्यांत वापरले जाणारे रबर अशा तेलांत फुगते व कमकुवत होते, आणि चिकट थरावर पुढची धूळ आणखी घट्ट बसते. शिवाय ते सगळे शेवटी ओढ्यात जाते. ओढ्यावरून आठवले, गाडीखालच्या चिखलात काँग्रेस गवताचे बी असते, आणि न धुतलेली गाडी घाटमाथ्यावरच्या सड्यांकडे, म्हणजे खडकाळ पठारांकडे, नेली की ते तिथे पोहोचते. ओढ्यात नको आणि सड्यावरही नको, गाडी घरच्या जवळ, पाणी जमिनीत मुरेल अशा जागी धुवावी.

संरक्षक लेपांबद्दल बाजारात बोलले जाते तेवढे खरे नसते. ब्राझीलच्या कार्नाउबा ताडाचे मेण पाण्याला थेंबांत गोळा करते आणि घाण सहज सुटू देते, पण ते काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत झिजते. सिरॅमिक लेप अधिक टिकतो, मात्र त्याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि करवंदीच्या जाळीतून गेलेल्या गाडीवरच्या रेघा किंवा खडीचे टवके तो थांबवू शकत नाही. त्यासाठी १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पॉलियुरेथेन फिल्म लागते आणि ती महाग असते. राबणाऱ्या पिकअपला ती चाकामागच्या पट्ट्यापुरती लावावी आणि उरलेला पैसा चॅसीवर खर्च करावा, असे माझे मत आहे.

चॅसीवर डांबरी थर फासणे सोपे असते, पण तो जुना होऊन तडकला की तडीतून शिरलेले पाणी आत अडकते आणि वरून सगळे काळेभोर, निरोगी दिसत राहते. पोकळ भागांसाठी मेणाचा पातळ फवारा चांगला, कारण तो लांब नळीने भोकांतून आत मारता येतो, सांध्यांत स्वतःहून पसरतो आणि मऊ राहिल्याने तडकत नाही. भोके मात्र त्याने बुजवू नयेत आणि ब्रेक, सायलेन्सर व रबर झाकून घ्यावे. टवका उडालेल्या जागी आधी चकाकणारे लोखंड दिसेपर्यंत घासावे आणि त्याच दिवशी झिंक-रिच, म्हणजे भरपूर जस्त असलेला, प्रायमर लावावा. जस्त लोखंडाहून अधिक क्रियाशील असल्याने ते स्वतः खर्ची पडून लोखंडाला वाचवते, पण त्यासाठी दोन्ही धातूंचा थेट संपर्क हवा. गंजावरून मारलेला असा प्रायमर केवळ रंगाचे काम करतो.

हे काम एप्रिल-मेमध्ये, गाडी धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवल्यावर करावे. तपासणीचा दिवस आपल्याकडे आधीच ठरलेला आहे: खंडेनवमी-दसऱ्याला गाडी धुतली जाते, आणि तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला असतो. हार घालण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावे आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चॅसीवर हातभर अंतराने ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणते. आवाज बद्द आला तर तिथे आत माती साठलेली आहे किंवा गंजाचे थर चढलेले आहेत, आणि ती जागा खडूने खूण करून गळीत हंगामाची ओढाताण सुरू होण्याआधी वेल्डरकडून उघडून पाहून घ्यावी.