छायाकृतीत सातपुडा उतरवताना

रावेर-यावलच्या रस्त्यावरून उत्तरेकडे पाहिलं की केळीच्या बागांमागे सातपुडा उभा दिसतो. तो माणसाच्या काळ्या छायाकृतीत उतरवायला दोनच फोटो लागतात, एक माणसाचा आणि एक डोंगराचा. गिम्प किंवा क्रिटा या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ते एकावर एक ठेवून वरच्या लेयरला, म्हणजे थराला, ‘स्क्रीन’ मोड द्यायचा.

हा मोड उजेडात उजेड मिसळतो. उजेडाच्या मापात काळा ० आणि पांढरा २५५ धरा. छायाकृतीवर २० आणि डोंगरावर १२० असेल, तर तिथे १३१ उमटतं, म्हणजे डोंगर दिसतो. बाहेरच्या २५० च्या पांढऱ्या आभाळावर तोच डोंगर पडला तर २५२ होतं, म्हणजे काहीच दिसत नाही. आभाळ १८० इतकं करडं राहिलं, की माणसाच्या बाहेरही डोंगराचं भूत उमटतं.

म्हणून पहिल्या फोटोत आभाळ चेहऱ्यापेक्षा निदान ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे ३२ पट उजळ हवं. माणसाचा चेहरा एका बाजूने दिसावा, सूर्य ढगाआड किंवा नुकताच मावळलेला. मोबाईलवर आभाळावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड येतो ते) लॉक करा आणि आभाळ पांढरं होईपर्यंत वाढवा. कॅमेऱ्यातला एचडीआर हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर तो सावल्या उजळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. उभं राहायची जागाही महत्त्वाची. तापीच्या वाळूवर हनुवटीखाली उजेड उसळतो, गळ्याची कड करडी होते. नांगरलेल्या काळ्या रानात तसं होत नाही, कारण ती माती फार थोडा उजेड परत फेकते. एवढं करूनही करडेपणा उरला, तर प्रोग्रॅममधल्या ‘लेव्हल्स’ या उजेड-अंधार जुळवायच्या साधनातला काळा त्रिकोण थोडा उजवीकडे सरकवा.

खरी फसगत मात्र दुसऱ्या फोटोत होते. डोंगरामागचं आभाळ (२४०) नाकाच्या रेषेवर आलं तर तिथे २४१ उमटतं आणि शेजारी २५५ असतं. एवढ्याशा फरकात नाक पुसलं जातं! त्यामुळे निसर्गचित्र निवडताना त्यातला अंधार कुठे पडतो ते आधी पाहावं. कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या कडेला केळीची गर्द सावली किंवा डोंगराचा उतार यायला हवा. माणूस ओळखू येतो तो त्याच रेषेवरून. आभाळ डोक्याच्या मागच्या बाजूला जाऊ द्या. तिथे कड विरघळली तरी चालते, उलट तेच सुंदर दिसतं. चित्र बसत नसेल तर आडवं उलटवून पाहा.

वैशाखात धुळीमुळे लांबचा डोंगर फिकट होतो, त्याचा गडद भागही करडाच येतो आणि छायाकृतीत नुसता धूसर पट्टा उरतो. पाऊस धुऊन गेल्यावर, आश्विनात, सकाळी आठच्या सुमाराला ऊन पूर्वेकडून तिरपं येतं. तेव्हा एकेक घळ सावलीने भरते, आणि कडेला लागणारा काळोख तिथेच मिळतो.