'मिसळणे' इंग्रजीतून आलं का?

ठाण्यात मिसळीचा विषय निघाला की ग्रुपवर एक जुना फॉरवर्ड हमखास येतो: 'मिसळणे' हे इंग्रजी 'मिक्स'चंच मराठी रूप, साहेबाच्या राज्यात रुजलेलं.

उच्चार आणि अर्थ इतके जवळचे आहेत की असं वाटणं साहजिकच. पण आधी 'क' शोधा. 'बॉक्स'चं बोलीत 'बाकस' झालं तरी 'क' टिकला. 'मिक्स'मधला 'क' मात्र 'मिसळ'मध्ये नाही आणि शेवटी 'ळ' आहे, जो 'मिक्स'मध्ये मुळातच नाही.

आता संस्कृत 'मिश्र' घ्या. प्राकृतात त्याचं 'मिस्स' किंवा 'मीस' झालं. पंजाबी मिस्सी रोटीतला 'मिस्सी' याच घरातला. राहिला 'ळ'. दोन स्वरांमधला जुना एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो, जसं 'फल'चं फळ, 'काल'चा काळ. आणि 'मिश्र'चं ल-कारी भावंडही जुनंच आहे: ऋग्वेदात (1.7.2) 'सम्मिश्ल' येतं. तेव्हा इंग्रजी भाषा जन्मलीही नव्हती!

मग साम्य कुठून? 'मिक्स'चं मूळ लॅटिन 'मिस्केरे', म्हणजे मिसळणे. लॅटिन आणि संस्कृत एकाच भारोपीय (इंडो-युरोपियन) भाषाकुळातल्या, त्यामुळे दोन्ही शब्द लांबचे चुलतभाऊ. म्हणून 'मिक्स मराठीतून गेला' हा उलटा फॉरवर्डही चुकीचाच.

पडताळायचं तर मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात 'मिसळणें' पाहा. तो ऑनलाइन मोफत आहे. 'मिक्स'साठी व्युत्पत्ती देणारा कोणताही चांगला इंग्रजी कोश चालेल. 'मिळणे' मात्र यात ओढू नका, त्याचा धातू 'मिल्', वेगळा.