गावाच्या मालकीची पवनचक्की: अर्ज अडतो तो सातबाऱ्यावर

शेजारच्या धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत, पण त्या कंपन्यांच्या. आपल्या नाशिक जिल्ह्यात सिन्नर-चांदवडकडे गावाने आपली चक्की उभारायची म्हटली, तर सहकारी संस्था काढणं हा सोपा भाग आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 सभासद आणि पोटनियम जमले की झालं. पुढची महाऊर्जाची (राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेची) नोंदणी आणि ग्रिड जोडणीचा अर्जही ठरलेल्या वाटेने जातो.

घोळ होतो जमिनीत. उताऱ्यावर जितकी नावं, तितक्यांच्या सह्या लागतात. आजोबांनंतर वारस नोंद झालेली नाही किंवा सासरी गेलेल्या आत्याचं नाव तसंच आहे आणि करार एकट्या थोरल्याने केलाय, अशी फाईल परत येणारच. आत्याकडे हक्कसोड मागत बसू नका. भाड्यात तिचा वाटा लिहा, ती सही देईल.

'इतर हक्क' हा रकाना शेवटपर्यंत वाचा. सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा मात्र तसाच. बेबाकी दाखला देऊन तो आधी उतरवून घ्या. कर्ज फिटल्याचं सोसायटीच्या दप्तरात असतानाही शेतकऱ्यालाच खेपा घालायला लावतात, हे चीड आणणारं आहे.

जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली, असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या. सुरगाणा, पेठ, कळवणकडे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाड्याने देताना जमीन महसूल संहितेचं कलम 36अ लागतं. 5 वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकारी मंजुरी देतात, त्यापुढे शासनाची पूर्वमान्यता हवी. चक्की 20-25 वर्षं चालते, तेव्हा फाईल मुंबईला जाणार हे धरूनच चाला. 'पाच-पाच वर्षांचे करार करू' असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

भाडेपट्टा नोटरीवर भागत नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदत असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची. मुदत सवयीने 30 वर्षं लिहितात, ती लिहू नका. 10 वर्षांपुढे 29 वर्षांपर्यंत मुद्रांक शुल्क बाजारमूल्याच्या 50 टक्क्यांवर बसतं, 29 ओलांडली की 90 टक्क्यांवर. त्या एका वर्षापायी गावाचे पैसे घालवू नका.

सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते ती कॅप्टिव्ह वापराची, म्हणजे मालकांनीच आपली वीज वापरण्याची अट. सभासदांकडे मिळून किमान 26 टक्के मालकी हवी आणि तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के त्यांनीच वापरायला हवी. हे दर आर्थिक वर्षाला तपासतात. एका वर्षी अट मोडली, तर त्या वर्षाची सगळीच वीज कॅप्टिव्ह धरत नाहीत आणि अधिभार लागतो. आपल्याकडे वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरात, शीतगृहं चालतात द्राक्षाच्या हंगामात. बँकिंगचा, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा ठेवून नंतर वापरण्याचा, हिशेब महिन्याचा, त्यामुळे आषाढातली वीज मार्चसाठी राखता येत नाही. पावसाळ्यातही वीज लागणारे सभासद आधी जोडा, मगच चक्कीची क्षमता ठरवा.

ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी परिसर जिल्ह्यातच आहे. उंचीचा ना-हरकत दाखला जागा ठरवतानाच मागा, पाया खोदल्यावर नको.