मराठवाड्यातला खटारा: शेकापची पार्श्वभूमी

1977 च्या लोकसभेत शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप, चिन्ह खटारा) 5 खासदार निवडून आले. त्यातले 3 एकट्या मराठवाड्याचे होते: नांदेडमधून भाई केशवराव धोंडगे, परभणीतून शेषराव देशमुख आणि लातूरमधून भाई उद्धवराव पाटील. शेकाप म्हटलं की लोकांना रायगड नाहीतर सांगोला आठवतो, मराठवाडा कुणी धरतच नाही. मला हे खटकतं.

पक्षाचा जन्म 1947 चा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मूळची काँग्रेसची बहुजन मंडळी. काँग्रेसमध्ये कुणब्याला कुणी विचारत नाही, ही त्यांची तक्रार. 1950 मध्ये मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला पक्षानं मार्क्सवादी भूमिका मांडली, तोच दाभाडी प्रबंध. पुढं फाटाफूट झाली आणि जेधे, मोरे दोघंही काँग्रेसमध्ये परतले.

आमच्याकडं पक्ष रुजला तो खळ्यावर. निजामाचं राज्य सप्टेंबर 1948 मध्ये गेलं, पण धान्याची लेव्ही, म्हणजे सरकारची सक्तीची वसुली, गेली नाही. रास झाली की माप घ्यायला सरकारी माणूस हजर. घरात वर्षाची ज्वारी उरते की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आजोबा सांगायचे, रातोरात पेव, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, भरायचं, तोंड लिंपायचं आणि वर कडब्याची गंजी रचायची. तरी सापडलंच तर तहसीलला सोबत कोण येणार? लाल बावट्याचा, म्हणजे शेकापचा, माणूस यायचा. 1950 चा हैदराबादचा कूळकायदा आला, तेव्हाही कुळाला कागद वाचून दाखवणारा तोच. दाभाडीचा प्रबंध कुणी वाचला नव्हता, पण भाई, म्हणजे पक्षाचे कार्यकर्ते, ओळखीचे होते. 1952 मध्ये हैदराबाद विधानसभेत पक्षाचे 10 आमदार होते, ते या बळावर.

1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. मग 1972 चा दुष्काळ. आमची आजी खडी फोडायला जायची. दुपारी हातावर सुकडी, बोटांना चिंध्या. मजुरी थकली की मोर्चा, आणि मोर्चापुढं लाल बावटा. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचं श्रेय ही योजना मांडणाऱ्या वि. स. पागे यांना मिळतं आणि ते योग्यच आहे. पण त्यामागं या मोर्चांचा रेटाही होता, हे विसरू नये.

1978 ला पक्ष शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात बसला. माझ्या मते उतार तिथूनच लागला. सत्तेत बसल्यावर मोर्चा कुणावर काढायचा? साखर कारखाने, बँका, संस्था काँग्रेसकडं होत्या, तरणे कार्यकर्ते तिकडं ओढले गेले. पुढं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादानं गावं दुभंगली आणि 1988 च्या औरंगाबाद महापालिकेपासून शिवसेनेनं तरुणांना हाक दिली. खटाऱ्याच्या चिन्हाजवळ म्हातारी माणसं उरली.

धोंडग्यांचं, नांदेड जिल्ह्यातलं कंधार मात्र बरीच वर्षं टिकलं. धोंडग्यांनी मन्याड खोऱ्यात मोफत शिक्षणाची संस्था उभी केली, गुराखीगडावर गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं. ढोरं राखणाऱ्या पोराला व्यासपीठावर बोलावून बोलतं करणारा दुसरा पुढारी मला माहीत नाही. शंभरी पार करून 1 जानेवारी 2023 ला ते गेले. त्याआधी 2019 च्या विधानसभेत शेकापचा राज्यभरातून एकच आमदार निवडून आला होता, तो लोहा मतदारसंघातून. कंधार त्याच मतदारसंघात येतं.