स्वरलेखन प्रणालींची सोर्सवरून बांधणी

युनिक्स आणि तिच्या कुळातील कार्यप्रणालींवर (लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस) स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर तयार पॅकेजमधून न घेता मूळ सोर्स कोड (माणसाने लिहिलेली प्रोग्रॅमची संहिता) कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलून, बसवण्याची रीत. लिलिपॉण्ड, म्यूझस्कोअर, रोझगार्डन, डेनेमो, एबीसीएम२पीएस या त्यांतील परिचित प्रणाली. पुढील विवेचन मुख्यतः लिलिपॉण्डला धरून आहे, कारण बांधणीतले अवघड प्रश्न बहुतेक तिच्यातच एकत्र भेटतात. ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात या विषयाला दोन बाजू आहेत. ऐरोली, महापे, बेलापूर येथील संगणक उद्योगामुळे कंपायलर हाताळणारा वर्ग येथे मोठा आहे. आणि वाशीला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे संकुल असल्याने भातखंडे व पलुसकर या दोन्ही स्वरलिपी परीक्षेच्या निमित्ताने घरोघरच्या वह्यांत उतरतात. पहिल्या वर्गाची साधने दुसऱ्याच्या वहीसाठी वापरायची म्हटले, की मराठी अक्षरे आणि टंक (फॉण्ट) यांचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो.

आरंभ : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. संगणकाकडून छपाईयोग्य स्वरलिपी काढण्याचे श्रेय बहुधा स्टॅनफर्ड येथील लेलंड स्मिथ यांना देतात. त्यांचे काम १९७१–७२ च्या सुमारास सुरू झाले व पुढे ‘स्कोअर’ या नावाने प्रसिद्धीस आले. परंतु ते पीडीपी-१० या जुन्या संगणकावरचे होते, युनिक्सवरचे नव्हे. युनिक्सपुरते पाहिल्यास टोरांटो विद्यापीठात विल्यम बक्स्टन यांच्या पुढाकाराने चाललेल्या प्रकल्पाचा (१९७७–८२) दावा जुना ठरतो. तो पीडीपी-११/४५ वर चालत असे, पण ठरावीक यंत्रसामग्रीशी इतका जखडलेला होता की त्याचा सोर्स दुसरीकडे नेऊन बांधण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. नॉटिंगहॅमच्या एरिक फॉक्सले यांनी ट्रॉफ या युनिक्सच्या अक्षरजुळणी प्रणालीच्या आधाराने स्वरलेखनाची भाषा तयार केली आणि १९८७ मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी बॉन विद्यापीठात आंगेलिका शोफर आणि आंद्रेआ स्टाइनबाख यांनी अक्षरजुळणी करणाऱ्या टेक्‌वर आधारलेली म्यूटेक् प्रणाली प्रबंधरूपाने मांडली. रोझगार्डनचा आरंभ बाथ विद्यापीठातील, १९९३ चा.

सोर्स हाती येणे आणि तो परक्या यंत्रावर बांधता येणे, या दोन्ही अटी लावल्या तर म्यूटेक्‌ची परंपरा अधिक ग्राह्य वाटते. तिच्यात कंपाइल करण्याजोगा प्रोग्रॅम जवळजवळ नव्हता. टेक्‌चे मॅक्रो (तयार आज्ञासंच) होते आणि डोनल्ड कनूथ यांच्या मेटाफॉण्ट या टंक रेखाटण्याच्या भाषेत लिहिलेले स्वरचिन्हांचे टंक होते. वापरणाऱ्याला ‘बांधावे’ लागत ते हे टंकच. याच शाखेतून दानिएल तोपँ यांची म्यूझिकटेक् व नंतरची म्यूझिक्स्टेक् आली. तिच्यासाठी हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या डच जोडीने १९९५ च्या सुमारास एमपीपी नावाचा पूर्वप्रक्रियक (मूळ प्रणालीसाठी संहिता आधी तयार करून देणारा प्रोग्रॅम) लिहिला, आणि त्याच्या मर्यादा जाणवल्यावर लिलिपॉण्डची सुरुवात केली. लिलिपॉण्डचे जन्मवर्ष कोणी १९९५, कोणी १९९६, तर कोणी १.० आवृत्तीवरून १९९८ देतात. एमपीपीची संहिता व उद्देश वेगळे असल्याने १९९६ हे वर्ष अधिक सयुक्तिक दिसते.

साधने व क्रम : बांधणीचा कणा असलेला ‘मेक’ हा प्रोग्रॅम स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ च्या सुमारास लिहिला. यंत्रागणिक बदलणाऱ्या गोष्टी आधी तपासून घेणारा ‘ऑटोकॉन्फ’ डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केला. टार फाइल (सोर्सचा गठ्ठा) उघडणे, कॉन्फिगर (तपासणी), मेक (बांधणी), मेक इन्स्टॉल (बसवणे) हा क्रम सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे नको. लिलिपॉण्डपुरत्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. तिची बांधणी सोर्सच्या मूळ निर्देशिकेत न करता स्वतंत्र ‘बिल्ड’ निर्देशिकेत करतात. आणि तिला ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचाच मेक लागतो. फ्रीबीएसडीवरचा मूळचा मेक तिच्या फायली वाचू शकत नाही, तेथे ‘जीमेक’ वापरावा लागतो.

कॉन्फिगर ही पायरी लागणाऱ्या सहायक प्रणालींची यादी तपासून पुढे जाते, आणि अडचणी येतात त्या बहुतांशी इथेच. सी++ कंपायलर, बायसन, फ्लेक्स, पायथन, गेटटेक्स्ट, टेक्सइन्फो, घोस्टस्क्रिप्ट, फ्रीटाइप, पँगो, गाइल, शिवाय मेटाफॉण्ट, मेटापोस्ट, फॉण्टफोर्ज आणि टी१यूटिल्स. डेबियन-उबुंटू कुळात एखाद्या लायब्ररीचे (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार संहितेचे) चालवण्यापुरते पॅकेज वेगळे आणि बांधणीसाठीचे ‘डेव्ह’ पॅकेज वेगळे असते. पहिले बसवलेले असूनही कॉन्फिगर ‘सापडले नाही’ म्हणतो, ते दुसरे नसल्यामुळे.

टंकबांधणी : संगीताच्या सॉफ्टवेअरला फॉण्ट बनवण्याची सामग्री कशासाठी हवी, असे नवख्याला वाटणे साहजिक आहे. लिलिपॉण्डची स्वरचिन्हे मेटाफॉण्टमध्ये रेखाटलेली आहेत आणि ती प्रत्येक बांधणीत नव्याने घडवली जातात. विसाव्या शतकातील हातकोरीव छपाईचे, विशेषतः बेरेनरायटर या जर्मन प्रकाशनसंस्थेच्या प्रतींचे वळण त्यांपुढे आदर्श म्हणून होते. मेटापोस्टच्या साहाय्याने बाह्यरेषा काढल्या जातात आणि फॉण्टफोर्ज त्या शुद्ध करून ओपनटाइप फॉण्टमध्ये बसवतो. तयार होणाऱ्या ‘एमेंटालर’ फॉण्टच्या आठ प्रती असतात : ११, १३, १४, १६, १८, २०, २३ आणि २६ अशा मापांच्या. महिरपी कंसांचा फॉण्ट वेगळा. एकच आकृती लहानमोठी न करता लहान मापासाठी चिन्हे किंचित जाड, मोठ्यासाठी किंचित सडपातळ काढली जातात. शिशाचे खिळे ओतणारे कारागीर हेच करत. मंद लॅपटॉपवर या टप्प्यात पडद्यावर बराच वेळ काही हलत नाही. बांधणी अडकली असे समजून ती मध्येच तोडली तर अर्धवट फॉण्ट फायली मागे राहू शकतात. मग बिल्ड निर्देशिका पुसून पुन्हा आरंभ करणे सोयीचे.

याउलट म्यूझस्कोअरमध्ये स्वरचिन्हांचे टंक आधीच घडवलेले येतात. स्टाइनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीच्या डॅनियल स्प्रेडबरी यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या ‘स्मफल’ या स्वरटंकांच्या मानकानुसार बनलेला ब्रावुरा, किंवा २०२१ च्या ३.६ आवृत्तीपासूनचा लेलंड (हे नाव वर उल्लेखिलेल्या स्मिथ यांच्या स्मरणार्थ). तेथे डोकेदुखी क्यूटी या लायब्ररीच्या आवृत्तीची असते. बाकी सीमेक (तेथे कॉन्फिगरच्या जागी असलेला प्रोग्रॅम) आपले काम चोख करतो.

गाइलचा पेच : लिलिपॉण्डचा मोठा भाग स्कीम भाषेत आहे आणि ती गाइल या दुभाष्यामार्फत चालते. गाइलची २.० आवृत्ती फेब्रुवारी २०११ मध्ये आली; लिलिपॉण्ड मात्र दीर्घकाळ १.८ लाच धरून राहिली, कारण नव्या गाइलमध्ये अक्षरमालांची हाताळणी बदलली होती आणि प्रारंभीच्या प्रयोगांत वेगही घटला होता. डेबियनने जुनी गाइल काढून टाकल्यावर जून २०१७ च्या डेबियन ९ मध्ये लिलिपॉण्डला जागाच उरली नाही. त्या काळात प्रकल्पाची स्वतःची बायनरी (आधीच कंपाइल केलेली प्रत) घेणे किंवा जुनी गाइल आधी बांधून तिच्यावर लिलिपॉण्ड बांधणे हे मार्ग होते. मॅकवर दुसरे संकट आले. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीने ३२ बिटी प्रोग्रॅम बंद केले आणि अधिकृत मॅक बायनरी नेमकी ३२ बिटी होती. मॅकपोर्ट्स या पॅकेज-व्यवस्थेद्वारे सोर्सवरून बांधणी हा तेव्हाचा खात्रीचा उपाय. डिसेंबर २०२२ च्या २.२४ आवृत्तीने गाइल २.२ स्वीकारून हा पेच सोडवला. मात्र या आवृत्तीत मेक झाल्यावर ‘मेक बाइटकोड’ आणि बसवताना ‘मेक इन्स्टॉल-बाइटकोड’ ही स्कीमची संहिता आधीच कंपाइल करून ठेवणारी जोडपायरी घ्यावी. ती गाळली तरी प्रणाली चालते, पण दरवेळी सुरू होताना रेंगाळते, आणि दोष उगाच संगणकाच्या वयावर जातो.

मराठी अक्षरे : गीताचे बोल देवनागरीत छापण्यासाठी लिलिपॉण्ड मजकूर मांडणाऱ्या पँगोवर आणि पँगो अक्षरे जोडणाऱ्या हार्फबझवर अवलंबून असते. पँगोच्या १.४४ आवृत्तीपासून (२०१९) जुने टाइप-१ फॉण्ट चालत नाहीत. त्यामुळे डीटीपीच्या काळातील मराठी फॉण्ट जवळ असूनही उपयोगी पडत नाहीत. लोहित, नोटो किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता असे युनिकोड फॉण्ट घ्यावेत. बोलांची फोड अक्षरावर करायची असते. ‘विठ्ठल’ची फोड वि, ठ्ठ, ल अशी, जोडाक्षर मध्ये तोडले की हलन्त उघडा पडतो.

एबीसीएम२पीएस या छोट्या प्रणालीत हाच मुद्दा फसवा होतो. तिला केवळ सी कंपायलर पुरतो आणि ती पाहता पाहता बांधून होते, पण पँगोचे डेव्ह पॅकेज नसेल तर कॉन्फिगर त्याविना पुढे जातो. बांधणी यशस्वी, चिन्हे सुबक, आणि मराठी बोल मात्र गायब. ठाणे परिसरातील वापरणाऱ्याने कॉन्फिगरच्या निरोपातली पँगोची ओळ तरी वाचावी, एवढे सुचवता येईल.

भातखंडे व पलुसकर लिपी : विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली आणि तारासाठी वर बिंदू, समेला गुणिले, खालीला शून्य. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत कोमलासाठी हलन्तासारखे चिन्ह, मंद्राला वर बिंदू, ताराला वर उभी रेघ. समेला १ आणि खालीला अधिक. म्हणजे वरचा बिंदू एका पद्धतीत तार सप्तक, दुसरीत मंद्र. विशारदची तयारी करणाऱ्यांना हे ठाऊक असते, सॉफ्टवेअरला नसते.

लिलिपॉण्डमध्ये या दोन्ही लिपी अंगभूत नाहीत. रूढ तोड अशी की पाश्चात्त्य पंचरेषेखाली सरगम बोलांच्या ओळीत लिहावी. भातखंड्यांच्या रेघांसाठी युनिकोडमधील वैदिक अनुदात्त व उदात्त चिन्हे कामी येतात (रे॒, ग॒, ध॒, नि॒, म॑), तारासाठी अनुस्वार (सां, रें) आणि मंद्रासाठी नुक्ता (ध़, ऩि). रेघ नेमकी कोठे बसेल हे फॉण्टवर ठरते. पलुसकरांचे चिन्ह हलन्ताने दाखवताना ‘ग्’ व ‘म’ लगत आले तर ‘ग्म’ हे जोडाक्षर होते. मध्ये शून्य रुंदीचे विभाजक चिन्ह घालून ते टाळतात. झपतालाचे २+३+२+३ विभाग, तीनतालाचे चार चार मात्रांचे विभाग मात्रांच्या गटबांधणीने दाखवणे शक्य आहे. सा काळी एकचा की पांढरी पाचचा, हे स्वरांतराच्या एका आज्ञेने बदलते.

स्वरांची नावे मुळात डच वळणाची असतात. ती यादी स्कीमच्या एका फायलीत आहे आणि तीत रोमन अक्षरांतली सरगम वाढवता येते. केवळ एवढ्यासाठी संपूर्ण प्रणाली सोर्सवरून बांधण्याचे कारण नाही, तरी तसे करणारे बरेच. खुद्द सी++ मध्ये हात घालायचा असेल, ताज्या विकास आवृत्तीतील दुरुस्ती हवी असेल किंवा आपल्या कार्यप्रणालीच्या भांडारातील आवृत्ती फार मागची असेल तर बांधणी सार्थ ठरते. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने विकसित केलेली बॉस लिनक्स डेबियनवर आधारित असल्याने तिच्यावरही डेबियनचेच पॅकेज-नियम लागू पडतात.

बसवणे व काढणे : कॉन्फिगरला वेगळे न सांगितल्यास सर्व फायली यूएसआर-लोकल निर्देशिकेत जातात आणि त्यासाठी रूटचा (यंत्राच्या व्यवस्थापकाचा) अधिकार लागतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा कचेरीच्या यंत्रावर तो नसतो; तेथे प्रीफिक्स पर्यायाने स्वतःच्या होम निर्देशिकेतील जागा द्यावी आणि तिची बिन निर्देशिका पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधण्याच्या जागांच्या यादीत) पहिली ठेवावी. भांडारातील जुनी लिलिपॉण्ड शेजारी असेल तर शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) तिचाच पत्ता लक्षात ठेवतो, तो एकदा विसरायला लावावा लागतो. पॅकेज व्यवस्थापकाला हाताने बसवलेल्या फायलींची खबर नसल्याने ‘मेक अनइन्स्टॉल’ हाच काढण्याचा सरळ मार्ग आहे आणि त्यासाठी बिल्ड निर्देशिका जपून ठेवावी लागते. बसवलेल्या फायलींचा हिशेब ठेवणारे चेकइन्स्टॉल किंवा स्टो वापरणारे या कटकटीतून सुटतात. संपूर्ण हस्तपुस्तिका बांधणारी ‘मेक डॉक’ ही आज्ञा मात्र घरच्या यंत्रावर सहसा देऊ नये. तीत हजारो स्वरलेखन-नमुने एकेक करून छापले जातात आणि काम तासन्‌तास चालते. तीच पुस्तिका तयार स्वरूपात उतरवून घेता येते.