रॉक्सर आपल्याकडे का मिळत नाही, थोडी मागची गोष्ट

महिंद्राच्या रॉक्सरचा फोटो दाखवला की आपल्याकडचा माणूस म्हणतो अरे ही तर जुनी थार, आणि जरा वयाने मोठा असला तर म्हणतो ही तर एमएम ५४०. दोघंही बरोबरच म्हणायचे. पत्र्याची बॉडी चासीवर बसवलेली, पुढे पाटे, मागे पाटे, वर टपाऐवजी पाइपांचा पिंजरा, आत बोलेरोच्या कुळातलं २.५ लिटरचं डिझेल इंजिन आणि पाच गिअर. महिंद्राची गाडी, पार्ट इथून पेट्यांत भरून गेलेले, आणि विक्री झाली ती अमेरिका-कॅनडात. इथल्या शोरूममध्ये विचारलंत तर सेल्समन नव्या थारची माहिती सांगायला लागणार.

मग लोक म्हणतात कंपनी आपल्याला दुय्यम समजते, चांगला माल बाहेर पाठवते. मला ते पटत नाही, कारण मागचं सगळं बघितलं तर गोष्ट जवळजवळ उलटी निघते.

सुरुवात १९४५ पासून करू. लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची स्टीलचा धंदा करणारी कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिकडचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा, आणि इकडे १९४८ मध्ये नावात दोन्हीकडे महिंद्रा आलं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीज या अमेरिकन कंपनीची पहिली जीप तयार झाली. तयार म्हणजे जोडली, कारण सगळे सुटे भाग अमेरिकेतून पेट्यांत आले होते. ही पेटीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

नंतर सुटे भाग हळूहळू इथेच बनायला लागले आणि एक गंमत झाली, अमेरिकेत जीप दर काही वर्षांनी बदलत गेली, मोठी झाली, गुळगुळीत झाली, मालक तर किती बदलले, विलीजकडून कैसर, मग अमेरिकन मोटर्स, मग क्रायस्लर. आपल्याकडे मात्र परमिटराज, स्पर्धा नाही, गिऱ्हाईक म्हणजे सैन्य, पोलीस, पाटबंधारे, वनखातं, त्यामुळे तोच जुना साचा चालत राहिला. बदललं ते इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल आलं, प्यूजोचं २११२ सीसीचं, आणि त्या इंजिनाच्या जिवावर एमएम ५४०, कमांडर वगैरे मंडळी खेड्यापाड्यांत पोचली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वडाप म्हटलं की हीच गाडी डोळ्यांसमोर येते, दहा जणांची जागा, बावीस जण आत, दोघं मागे लटकलेले आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. आमच्या मामांकडे होती एक. थंडीत सकाळी सुरू करायची तर हीटरची कांडी गरम होईपर्यंत थांबायचं, मग चावी, मग अंगणात काळा धूर, आणि आजीचा आतून आवाज की वाळवण घातलंय रे मेल्यांनो.

थोडक्यात अमेरिकेने टाकून दिलेला साचा आपण सत्तर वर्षं जपला, प्रेमापोटी कमी आणि गरजेपोटी जास्त.

२०१० मध्ये थार आली ती याच घराण्यातली. पण तोवर नियम बदलायला लागले होते. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय), जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, ऑक्टोबर २०१९ पासून आधीच्या मॉडेलनाही क्रॅश टेस्टचे नियम, आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम. एवढं सगळं एकामागून एक जुन्या साच्यात बसवायचं म्हणजे गाडी नव्यानेच काढायची, आणि कंपनीने तेच केलं. जुन्या थारला शेवटचा निरोप म्हणून 'थार ७००' काढली, सत्तर वर्षांची आठवण म्हणून फक्त ७०० गाड्या, आणि २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली.

आता रॉक्सर. ती २०१८ मध्ये आली, म्हणजे इथे जुना साचा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा तिकडे त्याला नवीन नाव मिळालं. हे कसं काय जमलं? कारण अमेरिकेत गाड्यांचा एक वर्ग आहे जो आपल्याकडे जवळजवळ नाहीच, रस्त्यावर चालवायचीच नाही अशी गाडी. शेतात, रानात, शिकारीला, बर्फात, स्वतःच्या मालकीच्या शेकडो एकरांत फिरवायची. त्याला ते साइड-बाय-साइड म्हणतात. रस्त्यावरच्या कारला लागणारी एअरबॅग, क्रॅश टेस्ट या वर्गाला लागत नाही. रॉक्सर त्या खिडकीतून आत शिरली. वेगही बांधलेला होता, सुरुवातीला ताशी ४५ मैल म्हणजे साधारण ७२ किमी. किंमत १५,००० डॉलरच्या आसपास, तेव्हाचे दहा लाख रुपये धरा. त्या वर्गातल्या बाकीच्या गाड्या प्लास्टिकच्या, गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या, मोठा आवाज करणाऱ्या, आणि त्यांच्यात ही लोखंडी डिझेल जीप, त्यामुळे तिकडच्या लोकांना अप्रूप वाटलं तर नवल नाही.

त्याआधी महिंद्राने अमेरिकेत सरळ रस्त्यावरचं पिकअप विकायचा प्रयत्न केला होता. डीलर नेमले गेले, तारखा पुढे पुढे गेल्या, २०१० मध्ये वितरकाशी फाटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. शिवाय बाहेरून येणाऱ्या पिकअपवर तिकडे १९६४ पासून २५ टक्के ड्युटी आहे, तिचं नाव चक्क 'चिकन टॅक्स', कारण युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अमेरिकेने ट्रकवर लावला! कोंबडीच्या भांडणात पिकअप भरडलं, असो.

तर या वेळी कंपनीने मिशिगनमध्ये ऑबर्न हिल्सला कारखाना टाकला आणि पार्ट इथून पेट्यांत पाठवून तिथे गाडी जोडायला लागली. १९४९ ला माझगावला जे झालं ते उलट्या दिशेने. पण ऑबर्न हिल्स म्हणजे जीपवाल्या फियाट क्रायस्लरचं तिकडचं मुख्य ठाणं, म्हणजे वाघाच्या गुहेशेजारीच दुकान. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी तिकडच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की ही आमच्या जीपची नक्कल आहे, सपाट बाजू, उभ्या फटींची जाळी, बॉनेटच्या बाहेरच्या कड्या, सगळं आमचं. महिंद्राचं म्हणणं, २००९ मध्ये जाळीबद्दल तुमच्याशी करार झालाय आणि हा साचा आम्ही तुमच्याच परवान्याने इतकी वर्षं बनवतोय. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयोगाच्या न्यायाधीशाने दिसण्यापुरती नक्कल मान्य केली, जून २०२० मध्ये विक्री-आयातीवर बंदी आली, याच वर्षात कंपनीने गाडीचं तोंडही बदललं, आडव्या पट्टीसारखी जाळी केली (ती टोयोटाच्या जुन्या लँड क्रूझरसारखी दिसते असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही), आणि डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने नव्या तोंडाला मान्यता दिली. कोर्टकज्जे त्यानंतरही चालू राहिले, ते सगळं सांगत बसत नाही.

आणि याच काळात पुण्याजवळ रांजणगावला काय चाललं होतं? २०२१ च्या सुरुवातीपासून तिथे खरी अमेरिकन जीप रँग्लर जोडायला लागले, सुटे भाग बाहेरून आणून, तेव्हा किंमत ५३.९० लाखांपासून. म्हणजे त्यांची जीप आपल्या जिल्ह्यात जोडली जात होती आणि आपली त्यांच्या गावात, ही स्थिती कुणी मुद्दाम लिहिली असती तर अतिशयोक्ती वाटली असती.

मग रॉक्सर इथे का नाही याचं उत्तर साधं आहे. आरटीओत पासिंग होणार नाही. पासिंग करायचं तर एअरबॅग, क्रॅश, बीएस-६ सगळं आलं, आणि ते केलं की ती रॉक्सर उरत नाही, थार होते. बिगर पासिंगची घ्यायची तर फिरवणार कुठे, आपल्याकडे शेत गुंठ्यांत आणि बांधावरून भांडणं. पोलारिससारख्या कंपनीला इथे एटीव्ही (रानात फिरवायची छोटी चारचाकी) रस्त्यावर आणायची तर ती ट्रॅक्टर म्हणून पास करून घ्यावी लागली, यावरून काय ते समजा. बाहेरून आणायची म्हटलं तर स्टेअरिंग डावीकडे, आयातीला उजवीकडचं लागतं.

इथे न मिळणारी दुसरी गाडी म्हणजे मारुतीची तीन दारी जिमनी, तिची गोष्ट मात्र वेगळी, तिथे नियमापेक्षा हिशोब आडवा आला. आपल्याकडे १९८५ ला जिप्सी आली ती तेव्हाच्या जिमनीचीच मापाने लांब केलेली बहीण. जपानमध्ये पुढच्या पिढ्या आल्या, गेल्या, आपण जिप्सीवरच राहिलो, ती सामान्य गिऱ्हाइकाला २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. नवी जिमनी जानेवारी २०२१ पासून गुरुग्राममध्ये बनायला लागली आणि पहिल्या १८४ गाड्या मुंद्रा बंदरातून कोलंबिया, पेरूकडे रवाना झाल्या. इथे नाही. चार मीटरच्या आतली असूनही इंजिन १४६२ सीसीचं, म्हणजे छोट्या गाडीची टॅक्सची सवलत नाही, आणि बाजूला दोनच दारं असलेली चार माणसांची गाडी आपल्या घरात आई-वडील, पोरं, बॅगा धरून कोण घेणार. म्हणून जून २०२३ मध्ये पाच दारी आणली, १२.७४ लाखांपासून. सगळे म्हणत होते आणा आणा, आणि आणल्यावर घ्यायला फारसे आलेच नाहीत, कित्येक महिने विक्री हजाराच्या आत. तीच इथे बनलेली पाच दारी जानेवारी २०२५ मध्ये जपानला 'नोमाड' नावाने गेली तर चार दिवसांत ५०,००० च्या आसपास ऑर्डरी, बुकिंगच बंद करावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात भोरकडे एका गॅरेजात मी रॉक्सर पाहिली, म्हणजे क्षणभर तसंच वाटलं. जवळ गेलो तर जुनी एमएम ५४०, एमएच-१२ पासिंग, पुढे फायबरची रॉक्सरची जाळी आणि बॉनेटवर चिकटवलेली अक्षरं, त्यातला शेवटचा 'र' पडलेला. मिस्त्री म्हणाला जाळी आठ दिवसांत येते, रंगवून पाहिजे असली तर दोन दिवस जास्त धरा.